कर्ल म्हणजे बाण गोल फिरणं नव्हे: बी.एस्सी.च्या मुलांनो, या चुका टाळा

बेळगावात बी.एस्सी. फिजिक्सच्या मुलांसमोर मी दरवर्षी एकच चित्र फळ्यावर काढतो. बाण म्हणजे त्या जागी पाणी वा क्षेत्र कोणत्या दिशेने; लांबी म्हणजे किती जोरात. सगळे बाण उजवीकडे, एकमेकांना समांतर. वरचे लांब, खालचे आखूड. कर्ल किती? उत्तर ठरलेलं: "शून्य सर, बाण सरळच आहेत की."

शून्य नाही. खानापूरकडच्या मुलांना मी उसातला पाट आठवायला सांगतो. पाट सरळ, पाणीही सरळच; पण काठाशी हळू, मध्ये जोरात. दोन काड्या अधिकच्या चिन्हासारख्या बांधा आणि काठाजवळ सोडा. मधल्या बाजूचं टोक पुढे पळतं, काठाकडचं रेंगाळतं, आणि काडी वाहता वाहता स्वतःभोवती फिरते. ते फिरणं म्हणजे कर्ल. बरोबर मध्यावर सोडलीत तर दोन्ही बाजूंना वेग सारखाच. तिथे ती नुसती वाहत जाते. चित्राचा एकूण आकार बघू नका, त्या बिंदूपाशी शेजारचे बाण कसे बदलतात ते बघा.

उलट चूकही तितकीच होते. वीजप्रवाह वाहणाऱ्या लांब सरळ तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र गोल, पण तारेबाहेर कर्ल शून्य. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र निम्मं होतं. बाण वळल्यामुळे येणारं फिरणं या कमी होण्याने नेमकं खोडलं जातं. तारेला वेढा घालणाऱ्या वाटेवर मात्र लाइन इंटिग्रल (वाटेच्या दिशेने क्षेत्राची बेरीज) शून्य येत नाही, कारण वेढ्याच्या आत तार आहे.

डायव्हर्जन्सचंही, म्हणजे एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर पडतं या मापाचंही तसंच. धन बिंदुप्रभाराचे बाण चहूकडे पसरतात म्हणून मुलं प्रत्येक ठिकाणी डायव्हर्जन्स धन लिहितात. अंतर दुप्पट केलं तर क्षेत्र पावपट होतं, गोलाचं पृष्ठफळ चौपट. फ्लक्स, म्हणजे गोलातून बाहेर जाणारं एकूण क्षेत्र, तेवढाच राहतो. प्रभाराची जागा सोडली तर डायव्हर्जन्स शून्य. गोलीय निर्देशांकात (केंद्रापासूनचं अंतर आणि दोन कोन) सरळ डेरिव्हेटिव्ह घेतलात की हे निसटतं, आणि परीक्षेत मार्क इथे जातात. आधी त्रिज्येच्या वर्गाने गुणा, मग डेरिव्हेटिव्ह, मग त्याच वर्गाने भागा. गुणल्यावर स्थिरांकच उरतो, म्हणून डेरिव्हेटिव्ह शून्य.

आता ग्रेडियंट, म्हणजे चढ सगळ्यात तीव्र कुठे आणि किती हे दाखवणारा बाण. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा दिला की मुलांकडून हा बाण डोंगराच्या अंगावरून वर चढवला जातो. हे चूक. उंची पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर या दोनच निर्देशांकांवर अवलंबून आहे, म्हणून बाण नकाशाच्या कागदावरच आडवा राहतो, समोच्च रेषेला काटकोनात. तो गडाच्या माथ्याकडेच बघेल असंही नाही. तुम्ही उभे आहात त्या जागेवरून चढ सगळ्यात तीव्र जिकडे आहे, तिकडे तो वळतो.