आधी आरामशीन, मग मायक्रोस्कोप

अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या लाकडावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा त्यांना एखाद्या संस्थेचं नाहीतर परीक्षेचं नाव हवं असतं. तेही सांगेन. पण माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे : जवळच्या आरामशीनवर जा. साग, आंबा आणि बाभूळ यांचा एकेक वीतभर तुकडा मागून आणा. नव्या ब्लेडने आडव्या टोकाचा पातळ पापुद्रा तासा, जागा ओली करा आणि दहापट भिंगातून बघा. सागात मोठी छिद्रं वर्तुळाकार रांगेत बसलेली दिसतील, दर वर्षाची एक रांग. आंब्यात छिद्रं विखुरलेली, वर्तुळं असलीच तर पुसट. बाभळीत छिद्रांभोवती फिकट कडं. ही छिद्रं म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, वाहिन्या. पुढची कितीतरी वर्षं तुम्ही त्यांच्याकडेच बघत बसणार आहात.

माझा प्रवास उलटा झाला. एमएस्सीला पुरावनस्पतिशास्त्राचा, म्हणजे जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाचा पेपर होता, कपाटातल्या जुन्या स्लाइड्स पाहून आकृत्या काढल्या, मार्क मिळाले आणि मी थेट दगडांकडे गेले.

वर्धा जिल्ह्यात नवरगावच्या बाजूला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेले गाळाचे पट्टे आहेत. त्यांना आम्ही इंटरट्रॅपियन म्हणतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा एकदम, एका दमात आला नाही. एक लोंढा आला, निवला, त्यावर माती झाली, तळी साचली, जंगल उभं राहिलं, मग पुढचा लोंढा आला. त्या मधल्या उसंतीतलं जंगल आज आपल्या हाती लागतं. तेव्हा हा सगळा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे ध्यानात ठेवायला मला फार कष्ट पडले. नकाशावर आपण विदर्भ बघतो आणि नकळत आजचा पाऊस, आजचं ऊन त्या जंगलावर लादतो.

तिथे एका शेताच्या बांधावर मी वाकून दगड उचलत होते. शेतमालक आले.

"मॅडम, लाकूड पाहिजे तं तिकडं बाभळी आहे. हा तं गोटा आहे जी."

"काका, हा गोटा कधीकाळी झाड होता."

त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, नखाने रेषा चाचपल्या. "दिसते तं लाकडावानी. नांगराच्या फाळाले लागते म्हणून आम्ही बांधावर फेकतो."

मी आनंदाने पिशवी भरायला लागले. सोबत आलेले माझे मार्गदर्शक सर मात्र काकांकडे वळले आणि विचारलं, "फाळाला नेमकं कुठे लागतं?" काकांनी आम्हाला शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तिथून नाल्यात उतरवलं. नाल्याच्या काठाला हातभर जाडीचा पांढुरका, चर्ट या कठीण दगडाचा पट्टा होता, आणि त्यात आडवं पडलेलं खोड अजून जागेवर होतं. बांधावरचा दगड कुठल्या थरातला, आडवा होता की उभा, मुळासकट होता की वाहत आलेला, यातलं काहीच सांगू शकत नाही. नाल्यातलं खोड हे सगळं सांगतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नमुन्यासमोर थर, दिशा, भोवतालचा गाळ, कडा झिजलेल्या की धारदार, आणि जागेवर होता की सुटा, एवढं लिहिल्याशिवाय नमुना पिशवीत जात नाही. नंबर दगडावरच ऑइल पेंटने टाकायचा. चिठ्ठी पावसात जाते.

लाकडाचा दगड होतो म्हणजे नेमकं काय, हे नवख्यांना नीट माहीत असायला हवं. झाड कुजण्याआधी गाळाखाली दबलं, हवा तुटली, आणि ज्वालामुखीच्या राखेतून, बेसॉल्टमधून (निवलेल्या लाव्हाच्या दगडातून) झिरपलेलं, सिलिका हे वाळूतलं खनिज विरघळलेलं पाणी त्यात शिरलं. सिलिका पेशींच्या भिंतींवर आणि पोकळ्यांत साचत गेली, पुढे तिचं कॅल्सेडनी, क्वार्ट्झ, म्हणजे कठीण स्फटिक झालं. हे सावकाश, नीट झालं असेल तर एकेका पेशीची भिंत शाबूत राहते. घाईगर्दीने झालं असेल तर बाहेरून देखणं, आतून काहीच नाही. रंगीत, चमकदार नमुन्यांच्या मोहात पडू नका. माझे सगळ्यात चांगले नमुने मळकट राखाडी आहेत.

आता सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी दगडाचा पातळ काप. हे काम पुस्तकातून येत नाही, हाताने येतं. डायमंड ब्लेडच्या कटरवर पाण्याच्या धारेखाली दगडाचा काप काढायचा. एक बाजू काचेच्या जाड प्लेटवर कार्बोरंडमची (घासकामाची कठीण) पूड आणि पाणी घेऊन घासायची, आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. गुळगुळीत झालेली बाजू स्लाइडवर चिकटवायची, मध्ये बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दुसऱ्या बाजूने घासत जायचं, प्रकाश आरपार जाईपर्यंत. साधारण ३० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी उरते, म्हणजे केसाएवढी किंवा त्याहून कमी. सुरुवातीला काप पांढरा, अपारदर्शक असतो. मग कडेने मधासारखा रंग उतरतो. त्यानंतर प्रत्येक पंधरा-वीस फेऱ्यांनी धुऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. एका क्षणी धुकं विरतं आणि पेशींच्या भिंती लख्ख उभ्या राहतात. तिथे थांबायचं. मी पहिल्यांदा थांबले नाही. "अजून थोडं स्वच्छ होईल" म्हणत आणखी दहा फेऱ्या मारल्या आणि धुतल्यावर हातात नुसती काच होती. त्या नमुन्याचा तेवढाच भाग चांगला टिकलेला होता. म्हणून काप काढताना शेजारचा एक काप नेहमी राखून ठेवते.

असा सेक्शन एक नाही, तीन लागतात : खोडाला आडवा, किरणांना समांतर उभा, आणि किरणांना छेदणारा उभा. किरण म्हणजे खोडाच्या आतून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या. आडव्या कापात वाहिन्यांची मांडणी दिसते, पण किरण किती पेशी रुंद, किती उंच, वाहिनीच्या सांध्यावरची जाळी साधी की शिडीसारखी, हे उभ्या कापांशिवाय कळत नाही. नुसत्या आडव्या कापावरून कुळ ठरवलेलं कोणी सांगितलं, तर मी ते मान्य करत नाही.

पहिल्या वर्षाच्या अहवालात माझी मोठी चूक झाली. एका नमुन्यात गडद-फिकट पट्टे होते. मी लिहिलं : स्पष्ट वार्षिक वर्तुळं, म्हणजे कोरडा आणि ओला असे ठळक ऋतू. सरांनी स्लाइड लावली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ही पट्टी पेशींच्या हद्दी पाळते का?" मी पुन्हा पाहिलं. पट्टी एकाच पेशीच्या मधून जात होती. तो झाडाचा पट्टा नव्हताच, सिलिकेतल्या रंगाचा होता. खरं वर्तुळ पेशींनी बनलेलं असतं. एका बाजूला मोठ्या वाहिन्या, दुसऱ्या बाजूला बारीक, चपट्या. मी ऋतू सांगितला होता, आणि झाडाने तसं काहीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सर एवढंच म्हणाले, "तू जिवंत लाकूड पाहिलेलंच नाहीस."

मग मी आरामशीनवर गेले. तिथले मिस्त्री साग, बिजा, शिसव, ऐन डोळे मिटून सांगायचे. वास, वजन, रंग, करवतीचा आवाज. बिजाचा भुसा पाण्यात टाकून निळसर झाक दाखवायचे. त्यांच्याजवळ बसून मला माझ्या कामातली खरी अडचण कळली : दगडात वास गेलेला असतो, वजन गेलेलं असतं, रंग सिलिकेचा असतो. मिस्त्रींची सगळी साधनं काढून घेतली की उरते ती फक्त पेशींची वीण. ती वीण जिवंत लाकडात शंभरदा पाहिलेली नसेल तर दगडात ओळखू येत नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडांचा मोठा संग्रह आहे, तिथे जमेल तेव्हा आठवडाभर जाऊन बसा. इन्साइडवुड हा मोफत डेटाबेस घरबसल्या वापरता येतो. त्यातली लक्षणं १९८९च्या आंतरराष्ट्रीय यादीप्रमाणे क्रमांक देऊन मांडलेली आहेत, ते क्रमांक हळूहळू पाठच होतात. फक्त डेटाबेसने दहा नावं सुचवली म्हणून त्यातलं पहिलं उचलायचं नाही.

नाव ठरलं की खरा प्रश्न सुरू होतो : जंगल कसं होतं, हवा कशी होती? नवखे इथे फार घाई करतात, मीही केली.

ताडकुळाचं उदाहरण घ्या. इंटरट्रॅपियनमध्ये पामोक्झायलॉन, म्हणजे ताड-माडाच्या गोतातली खोडं, भरपूर सापडतात. कोकणातल्या कोणालाही ती ओळखता येतील. माडाचा वासा आडवा कापला की जसे ठिपके दिसतात, कडेला दाट आणि मध्ये विरळ, तसेच ठिपके दगडात. ताडकुळाला वार्षिक वर्तुळं नसतात, त्यामुळे ऋतूंबद्दल ते गप्प. त्यांचा वाढीचा कोंब एकच आणि तो गोठला की झाड संपलं, म्हणून एवढी खोडं मिळाली तर कडाक्याची थंडी, हिमपात नव्हता असं म्हणता येतं. पण पाऊस भरपूर होता असं लगेच म्हणू नका. आपल्याकडेच माड किनाऱ्यावर, आणि शिंदी विदर्भातल्या कोरड्या नाल्याकाठी. दोन्ही एकाच कुळातली.

वर्तुळांचंही तसंच. एकाच शेतात, एकाच पावसावर वाढलेला साग स्पष्ट वर्तुळं दाखवतो, आंबा दाखवत नाही. वर्तुळ नाही म्हणजे ऋतू नव्हते, हे एका लाकडावरून ठरत नाही. दहा-पंधरा वेगवेगळ्या जातींत काय दिसतं ते मोजावं लागतं.

वाहिन्या जास्त बोलक्या. पाणी मुबलक असेल तर झाडाला रुंद आणि थोड्या वाहिन्या परवडतात. पाण्याची ओढ असेल तर बारीक आणि पुष्कळ लागतात, म्हणजे काहींत हवेचे बुडबुडे अडकले तरी बाकीच्या चालू राहतात. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ शेर्विन कार्लक्विस्ट यांनी १९७७मध्ये यासाठी साधा भागाकार सुचवला : वाहिन्यांची सरासरी रुंदी मायक्रॉनमध्ये, भागिले एका चौरस मिलिमीटरमधली संख्या. समजा रुंदी १५० आणि संख्या ८, तर उत्तर १९ च्या आसपास, झाडाला पाण्याची चणचण नव्हती. रुंदी ४० आणि संख्या ८०, तर उत्तर ०.५. एकच्या खाली म्हणजे कोरड्या हवेला सरावलेलं झाड. मी किमान २५ वाहिन्या मोजते, आणि मोजण्याआधी दोन गोष्टी बघते. लाकूड दाबाखाली चपटं झालंय का? आणि हा बुंधा आहे की फांदी? किरण एकमेकांना समांतर जात असतील तर मोठ्या खोडाचा भाग, पंख्यासारखे एकत्र येत असतील तर बारीक फांदी. फांदीतल्या वाहिन्या मुळातच बारीक असतात. फांदी मोजून दुष्काळ जाहीर करणारे लेख मी वाचले आहेत.

आणि लाकूड एकटं जंगल सांगत नाही. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलांला लाकडांबरोबर फळं, बिया, पाण्यातल्या नेच्याही सापडतात. नायपा हा आज सुंदरबन-अंदमानकडच्या खाड्यांच्या चिखलात वाढणारा ताड, त्याची फळं तिथे मिळाली. त्यामुळे गोडं पाणी आणि खारं पाणी यांचा प्रश्न उभा राहिला, जो नुसत्या लाकडावरून कधीच सुचला नसता. इंटरट्रॅपियन लाकडांचे आजचे बरेच नातेवाईक पश्चिम घाटात आणि ईशान्येकडे सदाहरित, निमसदाहरित जंगलांत आहेत, म्हणून मध्य भारतात तेव्हा आजच्यापेक्षा ओलसर जंगल होतं असं आपण म्हणतो. मात्र नवरगाव आणि मोहगावची झाडं जोडून एकच जंगल उभं करू नका. ते दोन वेगळे थर आहेत.

नाव चुकलं तर खचूनही जाऊ नका. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांतल्या एका वाहिनीविरहित लाकडाला होमोक्झायलॉन म्हटलं आणि त्याचं नातं सपुष्प वनस्पतींशी लावून पाहिलं. पुढे ते अनावृतबीजी, म्हणजे सायकस-देवदारासारख्या, फुलं न येणाऱ्या गटातलं ठरलं आणि १९५४मध्ये त्याचं नाव साहनिओक्झायलॉन झालं. साहनींची वर्णनं इतकी नेटकी होती की दुसऱ्यांना त्यावरूनच दुरुस्ती करता आली. वर्णन असं लिहा.

आता परीक्षा आणि पोट. वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र, दोन्हीकडून येता येतं. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लाइफ सायन्सेसमधून द्यावी, भूशास्त्रवाल्यांनी अर्थ सायन्सेसमधून. त्यातून मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधन शिष्यवृत्ती, २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था हे आपल्या विषयाचं घर, तिथे प्रबंधासाठी किंवा उन्हाळी प्रशिक्षणासाठी जरूर प्रयत्न करा. एक गोष्ट मला उशिरा कळली : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिऑलॉजिस्ट व्हायला भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, बॉटनीची चालत नाही. ते स्वप्न असेल तर बीएस्सीनंतरच ठरवा. कायम जागा थोड्या आहेत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पण लाकूड वाचता येणाऱ्याला दुसरी दारंही उघडतात : उत्खननात सापडलेला कोळसा कुठल्या झाडाचा हे सांगणं, चोरट्या व्यापारातलं शिसव ओळखणं. वीण तीच.

आपल्या भागात ही परंपरा जुनी आहे. स्कॉटिश धर्मप्रचारक स्टीफन हिस्लॉप १८५०च्या दशकात नागपूरजवळच्या टाकळीत जीवाश्म गोळा करत होते. नागपुरात शिकवणाऱ्या श्यामला चितळे मोहगावच्या जीवाश्मांवर काम करून पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात क्युरेटर झाल्या. त्यांचं नाव ऐकून मी या विषयाकडे आले.

सुट्टीत कुठे जावं विचाराल तर मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा. १९८३पासून ते जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला खडासुद्धा उचलायचा नाही. आपल्याकडे गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधम आहे, तिथलं लाकूड याहून कितीतरी जुनं, डायनासोरांच्या भर काळातलं. घुघव्याला गेलात तर भिंग आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. ताडाच्या खोडाचं तुटलेलं टोक ओलं करा, कडेपासून मध्यापर्यंत ठिपके मोजा आणि वहीत लिहून ठेवा. मग शेजारच्या साध्या लाकडाच्या टोकाकडे वळा आणि किरण समांतर आहेत की पंख्यासारखे, ते बघा.