हर्णैहून श्रीवर्धनला निघण्याआधी

पावसाळाभर शाकारलेली बोट पाण्यात गेली की माझं जुनं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन हमखास रुसतं. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. लगेच बॅटरीला दोष देऊ नका. टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढा. बहुतेकदा खाली पाणी दिसतं. ते काढून फिल्टर बदला. मग ब्लीड स्क्रू, म्हणजे डिझेलच्या नळीत अडकलेली हवा बाहेर सोडायचा स्क्रू, थोडा सैल करून इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, शेवटी सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा.

इंजिन लागलं की एक्झॉस्टमधून इंजिन गार करणारं पाणी पडतंय का बघा. नसेल तर ताबडतोब बंद! त्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, काढून पाती मोजा. तुटलेला तुकडा पुढे कूलरमध्ये अडकतो. एकदा मी मोजली नव्हती. आंजर्ल्यासमोर इंजिन तापलं आणि दुसऱ्याच्या दोरीला बांधून परत हर्णै.