क्रेझी कॅसलच्या आठवणी जमवायच्या कशा

नागपुरात अंबाझरी तलावाच्या खाली, नागनदीच्या काठाला क्रेझी कॅसल नावाचं वॉटर पार्क होतं हे आता शाळेतल्या पोरांना सांगावं लागून राहिलं. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकला की आमची अर्धी गल्ली तिथल्या पाण्यात असायची. मी दोन वर्षांपासून ह्या जागेच्या आठवणी जमवतोय, तर ज्यांना करायचंय त्यांनी कसं करावं ते सांगतो.

पहिले घरचे मोठे लोक गाठा. फोनवर रेकॉर्डिंग लावा पण "तिथं कसं वाटायचं" असं विचारू नका, "मस्त होतं" एवढंच उत्तर येतं. डबा कुठं ठेवायचे, चप्पल कोणाची हरवली, घरी परत कसे यायचे, असं विचारा. काकूला मी फक्त परत यायचं विचारलं तर ती वीस मिनिटं बोलत होती, लुनावर तिघं, सीटवर ओला टॉवेल, शंकरनगरला पोचेपर्यंत केस वाळलेले आणि पोटात अशी भूक की दारातूनच पोळी मागायची.

मग फोटो. ४ बाय ६ चा प्रिंट ६०० डीपीआयवर (स्कॅनरमधली बारकाव्याची सेटिंग) स्कॅन करा, मोबाईलनं फोटोचा फोटो काढला तर चकाकी येते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो नखानं उपटू नका, फाटतो. दात साफ करायचा धागा मागून हळूहळू सरकवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊटकडे कित्येक घरांत पाणी शिरलं, काकूचाही अल्बम भिजला. अशा वेळी फोटो एकमेकांवर ठेवून वाळू देऊ नका, वीट होते त्याची. स्वच्छ थंड पाण्यात सुटे करा आणि पंख्याखाली किंवा सावलीत, चित्राची बाजू वर ठेवून पसरा. हात लावायला वेळच नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका, नंतर निवांत करता येतं. आमचे अकरा फोटो वाचले.

जागा कशी बदलत गेली ते कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रोमध्ये दिसतं, फुकट आहे, घड्याळाच्या चिन्हावर दाबून जुनी चित्रं बघा आणि तारखेसकट सेव्ह करा.

कागदांसाठी माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नागपूर सुधार प्रन्यासकडे (शहराचा विकास बघणारी सरकारी संस्था) टाका, कागद दुसऱ्या ऑफिसात असला तर ५ दिवसांत तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची. फक्त "बंद का झालं" असं लिहू नका, कारणं द्यायला ते बांधील नसतात. "जमिनीच्या करारनाम्याची आणि नकाशाची प्रत" असं नेमकं मागा.

फोटोच्या मागे नावं मऊ पेन्सिलनं लिहा, बॉलपेन पुढं उमटतो. आणि स्कॅन करताना कडा कापू नका बरं, घरच्यांच्या मागे घसरगुंडीच्या रांगेत जी अनोळखी पोरं उभी आहेत त्यांच्या घरी कदाचित एकही फोटो नसेल.