ग्रिंडल वर्मचं कल्चर क्रॅश होतंय? या चुका टाळा

ग्रिंडल वर्म हा मत्स्यालयातल्या माशांना जिवंत खाद्य म्हणून घरी वाढवला जाणारा कृमी. तो जेमतेम 1 सेंटीमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड असतो. बेट्टा, टेट्रा, किलीफिश अशा लहान माशांच्या तोंडात तो नेमका बसतो. त्याच्या कल्चरला, म्हणजे डब्यात वाढवायच्या वसाहतीला, एक लिटरचा डबा, 4-5 सेंटीमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चिमूटभर खाद्य एवढंच लागतं. तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डबा उघडला की आंबूस वास येतो आणि वर्म झाकणावर चढून बसलेले दिसतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: खाद्य जास्त पडलंय.

किती घालायचं?

सुरुवातीला चमचाभर वर्म असतील तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत विरळ पसरेल इतकंच. बारीक दळलेले ओट्स किंवा मांजराच्या कोरड्या खाद्याचा चुरा चालतो. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. 24 तासांनी बघा. संपलं असेल तर पुन्हा तेवढंच घाला. उरलं असेल तर चमच्याने उचलून फेका आणि पुढच्या वेळी निम्मं करा. उरल्यावर नवीन घालायचं नाही, हा नियम मोडू नका. उरलेलं खाद्य कुजताना माध्यमातला, म्हणजे कोकोपीटमधला, ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि माध्यम आंबट होतं, मग वर्मना तिथे राहवत नाही. झाकणाला दोन-चार वर्म चिकटलेले असणं नेहमीचंच, पण भिंतींवर गुंते धरून वर चढत असतील तर ते पळ काढतायत असं समजा.

अशा डब्यातला वरचा एक सेंटीमीटर थर खाद्यासकट काढा, उरलेलं माध्यम काट्याने हलक्या हाताने मोकळं करा आणि दोन दिवस काहीच घालू नका. एवढ्यात वर्म उपाशी मरत नाहीत. तरीही आंबूस किंवा अमोनियासारखा वास राहिला तर वर्म धुऊन नव्या माध्यमात हलवा. निरोगी डब्याला फक्त ओल्या मातीचा वास येतो.

नव्या कल्चरमध्ये खाद्यावर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका. वर्म थोडे असले की त्यांच्याआधी बुरशी पोचते. ती उचलून टाका, प्रमाण कमी करा. संख्या वाढली की बुरशी धरायच्या आत खाद्य संपू लागतं.

माध्यम आणि ओल

बागेतली माती थेट वापरू नका. तिच्याबरोबर माइट (कोळ्याच्या कुळातले अगदी बारीक जीव), इतर किडे आणि कधीकधी खतही येतं. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांत धुवा, उकळतं पाणी ओता आणि पूर्ण थंड झाल्यावरच वर्म सोडा. ओल मुठीने तपासा: घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटला पाहिजे. धार लागली तर ओल जास्त, थेंबच सुटला नाही तर कमी. पारदर्शक डबा घेतलात तर तळाशी पाणी साचून माध्यम काळं पडतंय का, हे बाजूनेच कळतं. पाणी क्लोरीन काढलेलंच वापरा.

झाकणाला टाचणीची भोकं पाडून ठेवली की चिलटं आत शिरतात. त्याऐवजी 2-3 सेंटीमीटरचं एकच भोक पाडून त्यावर घट्ट विणीचं कापड चिकटवा. मुंग्या येत असतील तर डबा पाणी भरलेल्या ताटलीत उंचवट्यावर ठेवा.

माइट झाले तर

खाद्यावर आणि झाकणावर हळू सरकणारे बारीक ठिपके म्हणजे माइट. माशांना त्यांच्यापासून धोका नाही, पण ते वर्मचं खाद्य पळवतात. डबा फेकण्याआधी हे करून बघा: माध्यमाच्या वर 1-2 सेंटीमीटर येईल इतकं खोलीच्या तापमानाचं पाणी हळूहळू ओता. वर्म खाली राहतात, माइट तरंगतात. वरचं पाणी लगेच ओतून टाका आणि माध्यम निथळू द्या. अंडी उरतात, म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने हेच आणखी दोनदा करावं लागतं.

तापमानाची गल्लत

ग्रिंडलला 20 ते 27 अंश सेल्सिअस मानवतं. व्हाइट वर्म त्याचाच नातेवाईक, पण 2 ते 4 सेंटीमीटर लांब आणि थंडाव्याचा. तो 20 अंशांच्या खाली खुलतो आणि उबदार खोलीत हळूहळू मरतो. आणलेला वर्म कुठला, हे आधी लांबीवरून ठरवा.

काढताना

माध्यमासकट वर्म उपसून टँकमध्ये टाकणं ही सर्रास होणारी चूक. खाद्यावर काचेचा किंवा गुळगुळीत प्लास्टिकचा तुकडा ठेवा, वर्म त्याच्या खालच्या बाजूला गोळा होतात. तो वाटीत धुवा, मिनिटभर थांबा, वर्म तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी ओता. असं दोन-तीनदा केलं की ड्रॉपरने उचलण्याइतके स्वच्छ वर्म हातात येतात. मात्र पहिले 3-4 आठवडे काढायची घाई करू नका.

मासे पाच मिनिटांत संपवतील तेवढेच सोडा. वाळूत शिरलेले वर्म पुढे मरून कुजतात आणि पाणी खराब करतात. या वर्ममध्ये चरबी बरीच असते, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदाच द्या, इतर दिवशी वेगळं खाद्य.

नुकत्याच पोहू लागलेल्या पिल्लांना ग्रिंडल मोठा पडतो. त्यांच्यासाठी 1-2 मिलिमीटरचे मायक्रोवर्म ठेवा. ओट्सच्या घट्ट लापशीवर चिमूटभर यीस्ट टाकून ते वाढवतात. भिंतीवर चढलेले तेवढेच बोटाने पुसून घ्या. लापशी टँकमध्ये गेली की पाणी गढूळ होतं. हे कल्चर लवकर उतरतं, त्यामुळे दर 2-3 आठवड्यांनी नवा डबा लावा.

ग्रिंडलचेही दोन डबे ठेवा, आणि ते वेगवेगळ्या जागी, म्हणजे एकात माइट शिरले तरी दुसरा वाचतो. दोन-तीन महिन्यांनी माध्यम चिकट, चिखलासारखं झालं की निम्मं काढून नव्या कोकोपीटमध्ये मिसळा आणि झाकणावर तारीख लिहा.