ऑल-इनला कॉल करायचा का? टूर्नामेंट नवीन खेळणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं आता तीन पत्ती सोडून टूर्नामेंट पोकर शिकायला लागलीत, त्यांच्यासाठी लिहितोय. कुठला हात मोठा, ब्लाइंड काय, पोझिशन काय हे सगळं येतं असं धरतो. फक्त एकाच प्रश्नावर बोलायचंय. समोरच्यानं सगळे चिप्स पुढं सरकवले, आता तुमची पाळी, कॉल की फोल्ड?

आधी ती दिवाळीची सवय काढून टाका. तीन पत्तीत शेवटी पैसे टाकून शो मागतो आपण, "बघू तरी काय आहे त्याच्याकडं" म्हणून, आणि ते हातात इतकं बसलेलं असतं की पोकरच्या टेबलवर पण कॉल तसाच होतो. टूर्नामेंटमध्ये त्या बघण्याची किंमत म्हणजे तुमचा अख्खा खेळ. आणि ऑल-इन टाकणं वेगळं, ऑल-इनला कॉल करणं वेगळं. टाकणारा दोन प्रकारे जिंकतो, समोरच्यानं फोल्ड केलं तरी किंवा पत्ते चांगले आले तरी. कॉल करणाऱ्याला फक्त पत्तेच वाचवू शकतात. म्हणून ज्या हातावर तुम्ही स्वतः ऑल-इन टाकला असता त्याच हातावर कॉल करता येईलच असं नाही, कॉलला जास्त भक्कम हात लागतो. पोकरवर पुस्तकं लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी यालाच गॅप कॉन्सेप्ट म्हटलंय.

आता हिशोब. ब्लाइंड ५००-१०००, बिग ब्लाइंड अँटे (बिग ब्लाइंडवाला सगळ्यांच्या वतीनं टाकतो ती जादा रक्कम) १०००. बटणवाल्यानं १२,००० ऑल-इन टाकले, स्मॉल ब्लाइंडनं फोल्ड केलं, तुम्ही बिग ब्लाइंडला. पॉटमध्ये १४,५०० झाले, तुम्हाला अजून ११,००० घालायचेत. ११,००० भागिले २५,५००, म्हणजे ४३ टक्के. तुमचा हात त्याच्या रेंजसमोर (म्हणजे तो ज्या ज्या हातांवर ऑल-इन टाकेल त्या सगळ्यांसमोर) ४३ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा जिंकत असेल तर चिप्सच्या हिशोबात कॉल बरोबर. हे सगळ्यांना जमतं, इथं वेळ घालवत नाही.

रेंजचं मात्र नीट बघा. तुमच्याकडं नव्वांची जोडी आहे. टाकणारा सकाळपासून गप्प बसलेला काका असेल, दहा आणि त्यावरच्या जोड्या आणि एक्का-राजा सोडून काही टाकत नसेल, तर मोजा की. दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का, पाच जोड्या, प्रत्येकीचे ६ कॉम्बिनेशन, झाले ३०. एक्का-राजाचे १६. त्या ३० समोर तुम्ही साधारण १९ टक्के, १६ समोर ५५ टक्के. सरासरी काढली तर ३२ च्या आसपास येते, म्हणजे फोल्ड. तोच माणूस जरा मोकळा असेल, एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दहा, राजा-राणी आणि पाचापासून आठांपर्यंतच्या जोड्या पण टाकत असेल, तर तुमचे नव्वे ५१-५२ टक्क्यांवर जातात, म्हणजे डोळे झाकून कॉल. पत्ते तेच, पॉट तोच, माणूस बदलला की उत्तर फिरलं. म्हणून "नव्वे कॉल करायचे का" हा प्रश्न अर्धाच आहे, कोण टाकतोय ते सांगा मग बोलू.

इथपर्यंत आलात की वाटायला लागतं आपल्याला पोकर आलं. मला पण तसंच वाटलं होतं, पॉट ऑड्स (तो वरचा ४३ टक्क्यांचा हिशोब) पाठ, रेंज पाठ, आणि तरी बक्षिसाच्या तोंडाशी येऊन बाहेर, परत परत, आणि प्रत्येक वेळी वाटायचं नशीब खराब. नशीब नव्हतं ते, हिशोब चुकीच्या चलनात चालला होता. चिप्सचा हिशोब आणि रुपयांचा हिशोब एक नसतो. हे सावकाश वाचा, कंटाळा आला तरी वाचा.

छोटी टूर्नामेंट घ्या. १० जण, प्रत्येकी १००० रुपये, फी बाजूला ठेवू. पहिल्याला ५०००, दुसऱ्याला ३०००, तिसऱ्याला २०००. प्रत्येकाला ३००० चिप्स, म्हणजे एकूण ३०,०००. खेळता खेळता चौघं उरले, योगायोगानं सगळ्यांकडं सारखेच, ७,५०० चिप्स. चौथ्याला काही नाही, म्हणजे हा बबल. आत्ता प्रत्येकाची जागा किती रुपयांची? १०,००० भागिले ४, २५०० रुपये. इथं कुणाचं दुमत नाही.

आता एकानं ऑल-इन टाकला, तुम्ही कॉल केला आणि जिंकलात. तुमचे चिप्स दुप्पट झाले, १५,०००. मग किंमत पण दुप्पट, ५००० रुपये? नाही. ५००० हे पहिलं बक्षीस आहे, ते तर अजून जिंकायचंय. खरी किंमत अशी काढतात. निम्मे चिप्स तुमच्याकडं, म्हणजे पहिलं यायची शक्यता ५० टक्के, त्याचे २५०० रुपये. उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी पहिला येईल ती शक्यता पण ५० टक्के, त्या वेळी राहिलेल्या २२,५०० चिप्समध्ये तुमचे १५,०००, म्हणजे दोन तृतीयांश, म्हणून दुसरं यायची शक्यता ३३.३ टक्के, त्याचे १००० रुपये. तिसरं यायची १६.७ टक्के, त्याचे ३३३. बेरीज ३८३३ रुपये.

परत बघा. हरलात तर २५०० गेले. जिंकलात तर १३३३ वाढले. २५०० भागिले ३८३३, म्हणजे ६५ टक्के. चिप्सच्या हिशोबात ५० टक्के पुरले असते, इथं ६५ लागतात. (ब्लाइंड धरले तर आकडा थोडा खाली येतो, पण थोडाच.)

६५ टक्के म्हणजे किती ते कळायला हे बघा. राण्यांची जोडी ऑफसूट (दोन्ही पत्ते वेगळ्या चिन्हांचे) एक्का-राजासमोर साधारण ५७ टक्के. पुरत नाही. समोरचा पत्ते न बघता टाकतोय असं खात्रीनं माहीत असलं तरी ऑफसूट एक्का-राजा कुठल्याही दोन पत्त्यांसमोर ६५ च्या जरा वर, म्हणजे जेमतेम. ऑफसूट एक्का-राणी ६४ च्या आसपास, फोल्ड. हो, पत्ते न बघता टाकणाऱ्यासमोर एक्का-राणी फोल्ड. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडलाय असं वाटून कागदावर परत केलं होतं, उत्तर तेच.

मग तुमचे बुडालेले रुपये गेले कुठं? तुम्ही जिंकलात तर टेबलवर तिघं उरले, तुमचे ३८३३, उरलेले ६१६७ त्या दोघांत, म्हणजे प्रत्येकी ३०८३. ज्यांनी एक पत्ता खेळला नाही त्यांच्या जागेची किंमत बसल्या बसल्या ५८३ नं वाढली. तुम्ही हरलात तरी त्यांचे ५८३ वाढणारच. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात ते इथं अगदी रुपयांत मोजून मिळतं.

याला आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल म्हणतात. मूळ सूत्र डेव्हिड हारविल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेलं, पोकरमध्ये ते १९८७ मध्ये मेसन मालमुथ यांनी आणलं. ते परिपूर्ण नाही, पुढच्या हाताला ब्लाइंड कुणावर येणार, कोण चांगला खेळतो हे त्याला कळत नाही. तरी नुसत्या पॉट ऑड्सपेक्षा शंभर पटीनं बरं. सॅटेलाइटमध्ये (जिथं बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटची तिकिटं मिळतात) तर हे टोकाला जातं, १० तिकिटं सारखी, ११ जण उरलेत, तुमच्याकडं भरपूर चिप्स आहेत आणि तुमच्याएवढ्याच चिप्सवाल्यानं ऑल-इन टाकला, तर एक्क्यांची जोडी पण फोल्ड. बाउंटी टूर्नामेंटमध्ये उलट, समोरच्याला बाहेर काढल्यावर मिळणाऱ्या बक्षिसामुळं कॉल जरा सैल चालतो.

घाबरू नका मात्र. हा ताण सगळीकडं सारखा नसतो. सुरुवातीला शंभर जण बसलेले असताना चिप्स आणि रुपये जवळपास सोबत चालतात, तिथं पॉट ऑड्स पुरतात. बबलवर पण समोरच्याकडं तुमच्यापेक्षा खूप कमी चिप्स असतील तर हरून तुम्ही बाहेर जात नाही, तिथं कॉल सोपा होतो. जीव जातो तो तुमच्याएवढ्या किंवा तुमच्याहून मोठ्या स्टॅकसमोर (चिप्सच्या ढिगासमोर). आणि तो मोठा स्टॅकवाला बबलवर दर हाताला ऑल-इन टाकतो, कारण तुम्ही कॉल करू शकत नाही हे त्याला माहीत असतं. राग येतो, "दाबतोय होय मला" म्हणून हात चिप्सकडं जातो. थांबा गा. तो बरोबर खेळतोय आणि तुम्ही फोल्ड करून बरोबर खेळताय. त्यात कमीपणा काही नाही.

शिकायचं कुणाकडून? कुठल्या हातावर काय करायचं याचे चार्ट विकणाऱ्यांकडून नको, हे माझं ठाम मत आहे. ऑल-इन टाकायचा चार्ट एक वेळ कामाला येतो, कॉलचा चार्ट समोरचा माणूस ठरवतो आणि तो चार्टवाल्यानं बघितलेला नसतो. जिंकल्याचे स्क्रीनशॉट दाखवून शिष्य गोळा करणाऱ्यापासून तर लांबच राहा. निकाल सांगायच्या आधी "त्याची रेंज काय होती ते बोल" असं विचारणारा दोस्त मिळाला तर त्याला सोडू नका, उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या अशा दोस्ताबरोबर मी जे शिकलो ते पैसे देऊन शिकलो नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवरची कर्नाटकाची २०२१ ची बंदी हायकोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली, त्यावरून "आपल्याकडं चालतंय की" म्हणणारे अजून भेटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आलाय, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम त्यात बंद, कौशल्याचा असला तरी. ऑनलाइन सराव करायचा तर फुकटच्या चिप्सवर करा, आयसीएमचं गणित त्यावर पण तेवढंच पक्कं होतं. बाकी चोर्ला घाट उतरून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत जाणारे जातात, तिथं २१ च्या आत प्रवेश नाही, जिंकलेल्यावर ३० टक्के टॅक्स आणि वर सेस, जाण्यायेण्याचा खर्च त्यातून वजा होत नाही. उधारीवर कधी जाऊ नका. पगार यायच्या आधी पगाराचे पैसे लावू नका. घरात सांगता येत नसेल तर जाऊच नका.

आणि तिथं बसलात तर हे आधी करा. ऑल-इन आला की डीलरला काउंट विचारा. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमात आकडा नीट बघायची जबाबदारी कॉल करणाऱ्यावर आहे. तुम्हाला १४,००० ऐकू आलं, तुम्ही कॉल म्हणालात आणि मोजल्यावर २९,००० निघाले तर २९,००० द्यावे लागू शकतात. तोंडातून "कॉल" गेलं की बांधले गेलात, आणि नुसता एक चिप पुढं टाकला तरी तो कॉलच. म्हणून हात चिप्सवरून काढून मांडीवर ठेवा, मग विचार करा. किती जण बाहेर पडले की पैसे सुरू होतात, माझ्यापेक्षा कमी चिप्स कुणाकडं आहेत, हा टाकणारा कोण आहे, आणि त्यानंतर आपले पत्ते.

एक उलटी चूक पण होते, हे सगळं वाचून पोरं दगड होऊन बसतात. स्मॉल ब्लाइंडवाल्यानं तुमच्यावर फक्त ४ ब्लाइंडचा ऑल-इन टाकला, अँटे धरून पॉटमध्ये ६ आहेत आणि तुम्हाला ३ घालायचेत. ३३ टक्के लागतात. बबल नसेल आणि तो काहीही टाकत असेल तर तिथं दुर्री-सत्ती पण जवळपास ३५ टक्के जिंकते. तिथं फोल्ड करू नका.