स्पीकरची आतली वायर बदलताय? आधी या चुका टाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर मीटरवर मिळते, आणि 'ऑक्सिजन फ्री' (म्हणजे जास्त शुद्ध तांबं) म्हटलं की भाव चढतो. पण हिशेब करून बघा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम. पेटीच्या आत जाऊन-येऊन लागते मीटरभर. क्रॉसओव्हरमधली (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट) एक कॉइलच याच्या कितीतरी पट रोध घेऊन बसलेली असते. त्यामुळे चांदीच्या वायरवर पैसे घालवू नका. वायर बदलून आवाज खरंच सुधारला, तर श्रेय बहुतेक वेळा नव्या घट्ट लगचं (वायरच्या टोकाला बसवायची धातूची खोबण) असतं. वायर घेताना तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्यावर सोल्डरही नीट धरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पोलॅरिटीत, म्हणजे प्लस-मायनसच्या जोडणीत होतो. एका पेटीतला वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) उलटा जोडला गेला की बेस पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावा (वायर सोडवून). प्लसला प्लस असेल तर कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येतो. ट्वीटरवर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) हा प्रयोग नको. आणि ट्वीटर उलटा जोडलेला दिसला म्हणून लगेच 'दुरुस्त' करायला जाऊ नका. कित्येक क्रॉसओव्हरमध्ये तो कंपनीनेच मुद्दाम उलटा ठेवलेला असतो. म्हणून उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा.

ट्वीटरच्या टोकावर सोल्डरिंग आयर्न रेंगाळलं की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि केसासारखी तार सुटते. तिथे क्रिम्प केलेले (वायरवर दाबून बसवलेले) लगच बरे. पण लग मापाचा हवा: वूफरला बहुधा ६.३ मिलिमीटर, ट्वीटरला ४.८ किंवा २.८. सैल लग पक्कडीने चेपून बसवला तर महिन्या-दोन महिन्यांत खरखर सुरू.

वूफरचे स्क्रू काढताना स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटकडे ओढला जातो. दुसऱ्या हाताने धरला नाही तर थेट कोनमधून आरपार.

अँप (ॲम्प्लिफायर) लावण्याआधी मागच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. आठ ओहमच्या स्पीकरला साधारण सहा दिसायला हवेत. शून्य आलं तर शॉर्ट आहे, अँप चालू करू नका. आकडाच आला नाही तर एखादा सांधा सुटलाय. सगळं जुळूनही ठरावीक सुरावर घरघर येत असेल, तर वायर कोनला घासतेय. ती पेटीच्या भिंतीला बांधा, आणि पेटी उघडलीच आहे तर वूफरखालची फाटकी गॅस्केटही (हवा अडवणारी पट्टी) बदलून टाका.