इंग्लिश लॉ शिकताय? प्रॉब्लेम क्वेश्चनमध्ये या चुका टाळा

इंग्लंडच्या कायद्याच्या पेपरात एक गोष्ट देतात आणि शेवटी विचारतात, अमक्याला सल्ला द्या. आपली मुलं वाचतात भरपूर, पण मार्क जातात भलतीकडेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक टॉर्टमधली, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दल भरपाई द्यायला लावणाऱ्या कायद्यातली. निग्लिजन्स (निष्काळजीपणा) दिसला रे दिसला की ड्यूटी, म्हणजे काळजी घेण्याची कायदेशीर जबाबदारी, होती का हे ठरवायला कपारो या जुन्या केसच्या तीन पायऱ्या सुरू, नुकसानीचा अंदाज येण्यासारखा होता का, दोघांत जवळचा संबंध होता का, जबाबदारी टाकणं रास्त आहे का, आणि यातच दोन पानं संपतात. जुन्या नोट्समध्ये असंच असतं, पण २०१८ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने रॉबिन्सन केसमध्ये हे खोडून काढलंय. हडर्सफील्डच्या रस्त्यावर पोलीस एका संशयिताला पकडत होते, त्या झटापटीत बाजूने चाललेल्या ७६ वर्षांच्या रॉबिन्सनबाई खाली पडल्या. न्यायाधीश लॉर्ड रीड म्हणाले की ड्यूटी आधीच्या निकालांनी ठरलेली असेल तिथे तीन पायऱ्या लावायच्याच नाहीत, खरंच नवी परिस्थिती असेल तरच आधीच्या केसेसशी तुलना करत एकेक पाऊल पुढे जायचं. म्हणजे गाडीने माणसाला उडवलं तर ड्यूटी एका ओळीत संपवा आणि वेळ ब्रीच (ती जबाबदारी मोडली का) आणि कॉझेशनला (नुकसान त्यामुळेच झालं का) द्या, खरा वाद तिथेच असतो.

दुसरं, इथे एलएलबी करून तिकडे गेलेल्यांसाठी. आपला १८७२ चा काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट डोक्यात ठेवून उत्तर लिहू नका प्लीज, सारखं वाटतं पण सारखं नाहीये. आपल्याकडे कन्सिडरेशन (वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला) तिसऱ्या माणसाने दिलं तरी चालतं, तिकडे ज्याला वचन दिलं त्यानेच द्यावं लागतं (ट्वेडल विरुद्ध अ‍ॅटकिन्सन, १८६१). आपल्याकडे १९०३ च्या मोहरीबीबी केसपासून अल्पवयीनाचा करार मुळातच व्हॉइड (रद्दबातल), तिकडे मात्र गरजेच्या वस्तूंची वाजवी किंमत त्याला द्यावी लागते. नॅश विरुद्ध इनमन, १९०८, बघा. केंब्रिजच्या विद्यार्थ्याने शिंप्याकडून इतर कपड्यांबरोबर ११ फॅन्सी वेस्टकोट उधारीवर घेतले, पण त्याच्याकडे कपडे आधीच भरपूर होते त्यामुळे ते गरजेचे ठरले नाहीत आणि शिंपी हरला. प्रश्नात ‘१७ वर्षांचा’ असं दिसलं की त्याच्याकडे आधी काय काय होतं ते शोधा, परीक्षकाने ते मुद्दामच टाकलेलं असतं.

केसची गोष्ट सांगत बसू नका. बाटलीतली गोगलगाय (डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या निग्लिजन्सच्या प्रसिद्ध केसची गोष्ट) परीक्षकाला पाठ आहे, तत्त्व एका वाक्यात लिहा आणि लगेच दिलेल्या फॅक्ट्सना लावा.

सायटेशनमध्ये, म्हणजे केसचा संदर्भ देताना, निकालांच्या रिपोर्टचा खंड वर्षावरूनच शोधायचा असेल तर वर्षाला चौकोनी कंस, खंडाला स्वतंत्र नंबर असेल तर गोल. आणि शेवटी ‘परिस्थितीवर अवलंबून’ एवढंच लिहून सोडू नका, कोणत्या फॅक्टवर अवलंबून आणि कोणाची बाजू जड, तेही लिहा.